जॉर्ज मायकलचा हरलेला खटला

२१ जून १९९४ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने जॉर्ज मायकलचा सोनी म्युझिकविरुद्धचा दावा फेटाळला. सुनावणी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाली होती, निकालपत्र पावणेतीनशे पानांच्या घरात गेले होते आणि खटल्याचा खर्च तीस लाख पौंडांच्या आसपास झाल्याचे त्या वेळी छापून आले होते. एक कोट्यधीश गायक कंपनीने पुरेसे लाड केले नाहीत म्हणून कोर्टाची पायरी चढला आणि हात पोळून घेऊन परतला, अशी या खटल्याची समजूत तेव्हा रूढ झाली आणि आजही ती फारशी बदललेली नाही. मला ती पटत नाही. न्यायमूर्ती जोनाथन पार्कर यांनी दिलेला निकाल त्यांच्यासमोरच्या कायद्याला धरून होता असे मी मानतो. पण कायद्याला धरून असलेला निकाल मूळ प्रश्नाला स्पर्शही करू शकला नाही, हे त्या कायद्याचे अपयश आहे. कलावंताने अठराव्या वर्षी केलेली सही त्याच्या पुढच्या निर्मितीला किती वर्षे बांधून ठेवू शकते आणि त्या निर्मितीची मालकी किती काळ दुसऱ्याकडे राहू शकते, हे दोन्ही प्रश्न न्यायाधीशाने प्रत्येक करार तपासून सोडवण्याचे नाहीत. ते संसदेने कालमर्यादा घालून सोडवायला हवेत.

जॉर्ज मायकलचे खरे नाव जॉर्जिओस किरियाकोस पानायोटू. त्याचा जन्म १९६३ सालचा, उत्तर लंडनमधला. वडील सायप्रसहून आलेले ग्रीक, हॉटेल व्यवसायात स्थिरावलेले. बुशी इथल्या शाळेत त्याची अँड्र्यू रिजलीशी गाठ पडली आणि दोघांनी मिळून १९८१ मध्ये ‘व्हॅम!’ ही जोडी काढली. मार्च १९८२ मध्ये त्यांनी इनरव्हिजन नावाच्या लहानशा कंपनीशी करार केला. ही सही म्हणे एका साध्या कॅफेत, चहाच्या टेबलावर झाली. उचल प्रत्येकी पाचशे पौंड, रॉयल्टीचा दर अगदी कमी, आणि क्लबांमध्ये वाजणाऱ्या बारा इंची तबकड्यांवर तर रॉयल्टीच नाही. नाचायला लावणारी गाणी करणाऱ्या जोडीच्या दृष्टीने या शेवटच्या कलमाचा अर्थ काय होतो, हे संगीताच्या धंद्यात एखादे वर्ष काढलेल्या माणसाला लगेच कळले असते. पण ही मुले अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि धंद्याबाहेर ताटकळत थांबायला दोघेही तयार नव्हते. विशेष म्हणजे इनरव्हिजनचा मालकही तरुणच होता आणि सीबीएस या बड्या कंपनीशी झालेल्या त्याच्या स्वतःच्या करारात त्याला फारशी मोकळीक नव्हती, त्यामुळे वरून आलेली तंगी त्याने खाली सरकवली. या व्यवहारात खलनायक शोधत बसण्यात अर्थ नाही.

वर्षभरात गाणी गाजली आणि हाती काहीच येत नाही हे उघड झाले. तेव्हा वकील आले, मनाई हुकूम आले, आणि मार्च १९८४ मध्ये तडजोड होऊन ‘व्हॅम!’ थेट सीबीएसच्या एपिक या शाखेकडे गेले. दशकभराने न्यायालयात निर्णायक ठरली ती हीच तडजोड.

त्या सुमारास या मुलाने स्टुडिओत जे केले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ‘केअरलेस व्हिस्पर’ची कल्पना त्याला सतराव्या वर्षी बसने कामाला जाताना सुचली होती. अरिथा फ्रँकलिनसारख्या गायिकेच्या ध्वनिमुद्रिका करणारे जेरी वेक्सलर या बुजुर्ग निर्मात्याकडे ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील मसल शोल्स इथे ध्वनिमुद्रित झाले. वीस वर्षांच्या पोराने ते ऐकले आणि नाकारले. लंडनला परतून त्याने ते स्वतःच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा केले, आणि सॅक्सोफोनची ती प्रसिद्ध सुरावट मनासारखी येईपर्यंत एकामागून एक वादक बोलावले. शेवटी स्टीव्ह ग्रेगरी यांनी वाजवलेली घेतली. ऑगस्ट १९८४ मध्ये लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत ‘लास्ट ख्रिसमस’ झाले तेव्हा तर वादकच नव्हते. बाहेर उन्हाळा, आत नाताळची सजावट, आणि गीत, चाल, आवाज, सगळी वाद्ये, निर्मिती अशी सारी कामे एकट्याने करणारा एकवीस वर्षांचा तरुण. गीत आणि चाल यांचे हक्क त्याचे, कारण ते लिहिणाऱ्याचे असतात. ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र कंपनीची. नाताळच्या यादीत ते गाणे तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर अडकले, आणि पहिल्या क्रमांकावर इथिओपियाच्या दुष्काळासाठी केलेले जे गाणे होते त्यातही तो गायलाच होता. ‘लास्ट ख्रिसमस’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते १ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे छत्तीस वर्षांनी आणि त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

छत्तीस वर्षांनंतरची ही कमाई कुठल्या वाटाघाटीतून वाटली जाते? १९८४ मध्ये जो एकवीस वर्षांचा होता, त्याच्या त्या वेळच्या सौदाशक्तीतून. पुढच्या फेरवाटाघाटींत दर सुधारले असतील, पण मालकी एकदा गेली ती गेली.

या धंद्याचा हिशेब ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ध्वनिमुद्रिका कंपनी कलावंताला उचल देते आणि स्टुडिओचा, निर्मात्याचा, चित्रफितीचा खर्च करते. गाणे विकले गेले की कलावंताच्या वाट्याच्या रॉयल्टीतून आधी हा खर्च वळता होतो. तो पूर्ण फिटेपर्यंत कलावंताच्या हाती पैसा येत नाही. कंपनीला मात्र तिच्या स्वतःच्या वाट्यातून पहिल्या प्रतीपासून उत्पन्न सुरू होते. कर्ज फिटले तरी ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत, जिला धंद्यात मास्टर म्हणतात, कंपनीकडेच राहते. आपल्याकडे ऊसतोडणीच्या हंगामात उचल अंगावर घेतलेल्या जोडप्याचे हिशेब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. लंडनच्या एखाद्या गायकाची त्या जोडप्याशी बरोबरी करणे अशोभनीय होईल, पण मजुरीतून फेड आणि फेडीनंतरही बांधिलकी ही वहीतली पद्धत दोन्हीकडे एकाच वळणाची आहे.

आता १९८८ कडे येऊ. ‘व्हॅम!’ने जून १९८६ मध्ये वेम्बली स्टेडियमवर बहात्तर हजार श्रोत्यांसमोर निरोप घेतला होता. पुढच्या वर्षी आलेल्या ‘फेथ’ या पहिल्या एकल संग्रहाच्या सुमारे दोन कोटी प्रती खपल्या आणि त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास जपानच्या सोनीने दोन अब्ज डॉलर मोजून सीबीएसचा सारा संगीतव्यवसाय विकत घेतला होता, आणि त्या सौद्यात कलावंतांचे करारही हस्तांतरित झाले. जॉर्ज मायकलने नव्या करारात पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले दर मिळवले, पण त्या बदल्यात आठ संग्रह देण्याचे बंधन पत्करले आणि कराराची कमाल मुदत पंधरा वर्षांपर्यंत, म्हणजे २००३ पर्यंत, लांबली. माझ्या मते या खटल्यातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे. यशस्वी कलावंत नेहमीच जुना करार सुधारून मागतो. कंपनी दर वाढवते आणि वर्षे वाढवून घेते. प्रत्येक सुधारणेबरोबर साखळी लांबते, आणि शिवाय प्रत्येक सुधारणेमुळे मूळचा दुबळेपणा कायद्याच्या नजरेतून धुऊन निघतो, कारण आता कागदावर दिसतो तो अनुभवी वकील सोबत घेऊन, डोळे उघडे ठेवून सही करणारा श्रीमंत माणूस. तो त्या टेबलाशी आला मुळात १९८२ च्या सहीमुळेच, आणि उठून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मुभा त्याला एकदाही नव्हती, हे कागदावर दिसत नाही.

भडका उडाला तो १९९० मध्ये. ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’ या संग्रहाच्या वेळी त्याने ठरवले की मुखपृष्ठावर आपला चेहरा नसेल आणि चित्रफितींतही आपण दिसणार नाही. ‘फेथ’मधल्या दाढीचे खुंट वाढवलेल्या, कातडी जाकीट घातलेल्या नायकाचा त्याला वीट आला होता. तेव्हा तरुण असलेल्या डेव्हिड फिंचरने केलेल्या चित्रफितीत नाओमी कॅम्पबेल, सिंडी क्रॉफर्ड आदी पाच मॉडेलनी त्याच्या गाण्यावर ओठ हलवले आणि ते जाकीट जाळण्यात आले. ब्रिटनमध्ये संग्रह उत्तम चालला. अमेरिकेत ‘फेथ’च्या तुलनेत बराच मागे पडला. कंपनीच्या अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांनी आपली नवी दिशा मान्य नसल्याने प्रसिद्धीत मुद्दाम हात आखडला, असा त्याचा आरोप होता. संग्रहाचा दुसरा भाग मग आलाच नाही, आणि १९९२ च्या अखेरीस तो न्यायालयात गेला.

त्याचा मुख्य मुद्दा असा की हा करार म्हणजे व्यवसायावरील अवाजवी निर्बंध आहे: कंपनी आपल्याला वर्षानुवर्षे बांधून ठेवते, पण आपले गाणे नीट बाजारात आणण्याचे तिच्यावर तेवढे बंधन नाही. युरोपीय समुदायाच्या स्पर्धाविषयक तरतुदींचाही त्याने आधार घेतला. न्यायमूर्तींनी दोन्ही मुद्दे नाकारले. १९८८ चा करार हा १९८४ च्या तडजोडीतून आलेला होता, आणि दोन्ही पक्षांनी वकिलांच्या सल्ल्याने मिटवलेला वाद पुन्हा उकरू देणे सार्वजनिक हिताचे नाही, असे त्यांनी म्हटले. शिवाय करार त्याच्या अटींवर पाहिला तरी वाजवीच आहे असाही निष्कर्ष काढला. प्रसिद्धीत हात आखडल्याचा आरोप त्यांना पटला नाही. इथे मला न्यायाधीशांशी भांडावेसे वाटत नाही. गाण्याची जाहिरात किती केली म्हणजे पुरेशी, आणि कलावंताने स्वतःचा चेहरा काढून घेतल्यावर घटलेल्या खपाला कोण जबाबदार, हे कोणते न्यायालय मोजणार? जॉर्ज मायकलने या व्यवस्थेला व्यावसायिक गुलामगिरी म्हटले. कोट्यवधी कमावणाऱ्याच्या तोंडी हा शब्द शोभला नाही आणि त्याने त्याचे नुकसानच केले.

तो ज्या कायद्याच्या भरवशावर गेला होता त्याची वाट आधीच्या कलावंतांनी पाडलेली होती. १९७४ मध्ये उमरावांच्या सभागृहाने, जे तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ होते, टोनी मॅकॉले या गीतकाराचा करार अग्राह्य ठरवला. एकविसाव्या वर्षी केलेल्या त्या करारात सगळी गाणी प्रकाशकाची, पण ती प्रसिद्ध करण्याचे बंधन प्रकाशकावर नाही, अशी एकतर्फी मांडणी होती. ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ या बँडचा गायक हॉली जॉन्सन ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जिंकला, ‘द स्टोन रोझेस’ हा बँड १९९१ मध्ये जिंकला. एल्टन जॉन आणि त्याचे गीतकार बर्नी टॉपिन यांना १९८५ मध्ये बुडवलेली रॉयल्टी मिळाली, पण गाण्यांचे हक्क परत मिळाले नाहीत, कारण दावा करायला त्यांनी फार उशीर केला होता. या निकालांतून करार लिहिणारे वकील काय शिकले? भोंगळ, उघड एकतर्फी कलमे काढून टाका, कलावंताला स्वतंत्र वकील घ्यायला लावा, त्याची नोंद ठेवा. १९८८ चा करार १९९४ मध्ये न्यायालयात टिकला त्यात या आधीच्या विजयांचाही वाटा आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. एकेका खटल्याने कायदा सुधारायला निघाले की सुधारतो तो मुख्यतः कराराचा मसुदा.

कंपन्यांच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. बहुतेक नव्या कलावंतांवर घातलेला पैसा बुडतो. त्यांची फिटलेली नसलेली उचल कोणी घरी जाऊन वसूल करत नाही. एखादा जॉर्ज मायकल दहा जणांचा तोटा भरून काढतो, आणि तोच तिसऱ्या वर्षी उठून जाणार असेल तर अकराव्यावर पैसा लावायला कोण धजावेल? हे सारे खरे आहे. पण जोखमीचा हा युक्तिवाद सुरुवातीच्या वर्षांसाठी आहे. पाच, सात, फार तर दहा वर्षांत जे वसूल व्हायचे ते होते. चौथ्या दशकात येणारे उत्पन्न १९८२ मध्ये पैसा लावताना कोणत्याही शहाण्या माणसाने हिशेबात धरलेले नसते, आणि जे हिशेबात नव्हते ते काढून घेतल्याने कोणाचे धाडस खचत नाही. कालमर्यादा आल्यास नवोदितांची उचल थोडी कमी होईल, हे मी मान्य करतो. ती किंमत मला रास्त वाटते.

जॉर्ज मायकलला सुटका मिळाली ती कायद्याने नव्हे, पैशाने. अपील उभे राहण्याआधीच १९९५ मध्ये समझोता झाला: अमेरिकेसाठी ड्रीमवर्क्स आणि उरलेल्या जगासाठी व्हर्जिन या कंपन्यांनी त्याला घेतले, सोनीला सुमारे चार कोटी डॉलर आणि पुढच्या विक्रीतला हिस्सा मिळाल्याचे सांगितले गेले. जुनी ध्वनिमुद्रणे सोनीकडेच राहिली, आणि १९९८ मध्ये गाजलेल्या गाण्यांचा जो संग्रह आला तो सोनीनेच काढला. १९९० ते १९९६, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्यापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत, त्याचा एकही पूर्ण संग्रह आला नाही. या काळात त्याचे उत्तम गाणे ऐकायला मिळाले ते पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीत झालेल्या मैफलीत, आणि तेही दुसऱ्याचे गाणे होते. खटला चालू असताना त्याचा ब्राझिलियन जोडीदार अन्सेल्मो फेलेपा एड्सने गेला होता, हेही त्या गप्प वर्षांचा हिशेब करताना विसरता येत नाही. सगळा दोष कराराच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढे तो पुन्हा सोनीकडेच गेला म्हणून त्याची थट्टा झाली. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्याची तक्रार एखाद्या विशिष्ट कंपनीविरुद्ध नव्हती, उठून जाता येत नाही याविरुद्ध होती. या वेळी तो उठून जाऊ शकणारा माणूस म्हणून टेबलाशी बसला.

कालमर्यादेची कल्पना नवी नाही, परकी तर नाहीच. ब्रिटनच्याच १९११ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क त्याच्या वारसांकडे परत येण्याची तरतूद होती. ती पुढे नव्या करारांसाठी काढून टाकण्यात आली. अमेरिकेत १९७८ नंतर दिलेले हक्क पस्तीस वर्षांनी काढून घेण्याची सोय कायद्यात आहे, आणि कॅलिफोर्नियात व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे सक्तीने राबवता येत नाही, जरी ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी १९८७ मध्ये त्यात आपल्यासाठी एक पळवाट करून घेतली असली तरी. ब्रिटिश संसदेच्या संस्कृतीविषयक समितीने जुलै २०२१ मध्ये संगीताच्या ऑनलाइन अर्थकारणावरील अहवालात कलावंतांना वीस वर्षांनी हक्क परत घेता यावेत असे सुचवले, आणि मजूर पक्षाचे खासदार केव्हिन ब्रेनन यांनी त्याच वर्षी तसे खाजगी विधेयकही आणले. डिसेंबरमध्ये चर्चा झाली आणि ते तिथेच विरले. पुढच्या वर्षी स्पर्धा आयोगाने हस्तक्षेपाची गरज नाही असा अहवाल दिला. पण त्याची फूटपट्टी ग्राहकाच्या हिताची होती, आणि श्रोत्याला स्वस्तात गाणे मिळते म्हणजे गाणाऱ्याशी न्याय झाला असे मानता येत नाही.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने यातला अर्धा रस्ता कापला आहे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर ज्यासाठी जोर लावला त्या तरतुदीमुळे चित्रपटाचे गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीचा आपला समान वाटा कराराने सोडून देऊ शकत नाहीत. तसे लिहून घेतले तरी ते निरर्थक ठरते. तत्त्व हेच आहे की काही गोष्टी सही करणाऱ्याच्या राजीखुशीवर सोडायच्या नसतात, कारण सहीच्या क्षणी ती राजीखुशी कशी असते हे सर्वांना माहीत असते. मालकी मात्र आपल्याकडेही निर्मात्याकडे जाते ती जातेच.

म्हणून मागणी दोन आकड्यांची असावी. कलावंताला एकाच कंपनीशी बांधून ठेवणारा करार सात वर्षांत संपावा, मध्ये कितीही सुधारणा झाल्या तरी मुदत पहिल्या सहीपासूनच मोजावी. आणि ध्वनिमुद्रणाची मालकी वीस वर्षांनी, मागेल त्या कलावंताकडे परत यावी. समूहाने केलेल्या गाण्यात कोणी कोणाच्या वतीने मागायचे याचे वाद होतील, पण समूहांत रॉयल्टीचे वाद आजही होतातच आणि ते मिटवण्याच्या रीतीही आहेत.

ब्रिटनने २०१३ मध्ये ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेली. तेव्हा एकरकमी मोबदला घेऊन वाजवून गेलेल्या वादकांसाठी एक तरतूद केली गेली: पन्नास वर्षे उलटली की त्या ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नातील वीस टक्के दरवर्षी त्यांच्यासाठी बाजूला काढायचे. कराराने एकदा दिलेले कायमचे दिले असे नाही, हे कायद्याने इथे मान्यच केले आहे. त्या हिशेबाने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या वादकांसाठी हे पैसे २०३५ पासून निघू लागतील, आणि १९८४ मध्ये तिशीत असलेला वादक तेव्हा ऐंशीच्या घरात असेल.